नीलव्वाचा राहिलेला ठिपका

नीलव्वा,

तुझं नाव मी छापतेय. तू अगदीच नको म्हणाली नव्हतीस. "आधी ठिपका, मग नाव," असा तुझा करार होता. ठिपका दिला गेला नाही. तू जाऊन तीन वर्षं होत आली आणि मी एकोणसत्तर वर्षांची झाले. करार पाळत बसले तर माझ्याबरोबर तुझं नावही जाईल. तेव्हा रागव खुशाल. तुझा राग मला ठाऊक आहे. दोन दिवस चहा विचारायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यात दुप्पट साखर घालायची.

एक गोष्ट मी तुला सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. ती शेवटी येईल. तू कोण हेच लोकांना माहीत नाही, म्हणून पुढचं त्यांच्यासाठी लिहिते. त्यात 'मी' नाही, मालतीबाई मोहोळकर आहे. 'मी' म्हटलं की माणूस आपलीच वकिली करायला लागतं.

मालतीबाईंनी सोलापुरात एकतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या तावडीत सापडल्या. १९७४ साली मंडळानं ठरवलं, की गावातल्या पाच विसरलेल्या बायकांची छोटी चरित्रं काढायची. चार नावं बैठकीतच निघाली. एक डॉक्टरीण, एक शाळा काढणारी, दोघी तुरुंगात जाऊन आलेल्या. पाचवं नाव सुचेना. चिवडा संपत आला तसं मालतीबाई म्हणाल्या, "एक चित्रकार आहे."

"कोण हो?"

"नाव माहीत नाही."

बायका हसल्या. "विसरलेली म्हणजे इतकी विसरलेली?"

मालतीबाईंना माहीत होता तो फक्त एक हात. १९५३ साली त्यांचे वडील गेले, तेव्हा फोटोवरून करायला टाकलेली तसबीर कुठवर आली ते बघायला त्या सात रस्त्याजवळच्या एका दुकानात गेल्या होत्या. पाटी होती 'चनबसप्पा पेंटर, फोटोवरून हुबेहूब तैलचित्रे'. रुमाल बांधलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले पेंटर खुर्चीवर बसले होते. हात शालीखाली. मागे पडदा. पडद्यातून एक बाईचा हात चहाची कपबशी घेऊन बाहेर आला. नखांत तपकिरी रंग होता, आणि तोच तपकिरी रंग घोडीवरच्या तसबिरीत वडिलांच्या कोटाला निम्मा देऊन झाला होता. चहाला टर्पेंटाइनचा वास येत होता. कप घ्यायला पेंटरांनी शालीखालून डावा हात काढला, तर तो धुतल्यासारखा स्वच्छ. मालतीबाईंनी हे सगळं पाहिलं, चहा प्याल्या आणि घरी आल्या. पुराव्याशिवाय बोलू नका, असं पोरांना सांगणाऱ्या बाईला समोरच्या पुराव्याबद्दल विचारायला एकवीस वर्षं लागली.

दुकान केव्हाच बंद झालं होतं. विचारत विचारत घर सापडलं, दुकानापासून दोन गल्ल्या मागे. दारात एक माणूस सायकलच्या कॅरिअरला डबा बांधत होता. पेंटरांचा मुलगा संगप्पा. अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता.

"आई? आई कशाला चित्रं काढंल? चित्रं आप्पा काढायचे," तो म्हणाला.

आतून आवाज आला, "संग्या, बाईला आत तर येऊ दे की. मग बसून खोटं सांग."

ही नीलव्वा. साठीची, बुटकी, दाताला मिश्री, डोळ्याला दोरीनं बांधलेला चष्मा. मालतीबाईंनी वही उघडली आणि "आपला जन्म कुठला?" असं सुरू केलं.

"अक्कलकोटच्या पल्याड. आमच्यात कानडी. मराठी हितं येऊन शिकलं, म्हणून वाकडं येतंय. आन ते तुमी-आपण काढू नका. म्हाताऱ्या झालो की दोघी. तू म्हण, मी पन तू म्हणते."

म्हणाली आणि लगेच म्हणायलाही लागली.

तिचं आयुष्य चार भेटींत लिहून झालं. लग्न तेराव्या वर्षी. नवरा नाटक कंपनीत पडदे रंगवायला शिकलेला. कंपनी बुडाल्यावर त्यानं सोलापुरात तसबिरींचं दुकान घातलं. नीलव्वा कापड ताणून खिळे मारायची, सफेद्याचे हात द्यायची, रंग घोटायची. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच मोठ्या करून कापडावर आखायच्या आणि एकेका चौकटीतलं इकडून तिकडे न्यायचं, अशी रीत. चनबसप्पाला दागिने आणि लुगड्याचे काठ रंगवायचा कंटाळा. ते नीलव्वावर ढकलले गेले.

"आन दागिने लई असायचे," नीलव्वा म्हणाली. "बाई जिवंत हाय तवर गळ्यात काळे मणी. मेली की पोरगं येऊन म्हणतंय, आईला बोरमाळ घाला, पुतळ्या घाला, नथ घाला. मी घालत होते की. माझ्या हातानं ह्या गावातल्या किती बाया श्रीमंत झाल्या, मोज तू."

काठानंतर हात आले, हातानंतर कपडे. १९५१ साली चनबसप्पाचा उजवा हात लटलटायला लागला. औषधं झाली, अंगारे झाले. मग एके दिवशी त्यानं ब्रश तिच्या पुढ्यात ठेवला आणि तोंडाकडे न बघता म्हणाला, "चेहरा घे."

१९६४ मध्ये तो वारला, तोवर दुकानातली प्रत्येक तसबीर तिची. खाली सही मात्र त्याची, तीही तीच करायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. तसबिरी भिंतीवर नुसत्या टांगायच्या नसतात. हार पडतात, श्राद्धाला पुढे पान वाढलं जातं. एका बाईनं महिन्याचे चार दिवस न पाळता त्याला हात लावलाय असं कळलं असतं, तर निम्म्या तसबिरी माळ्यावर गेल्या असत्या. आणि पेंटर गेल्यावर पेंटरीणबाईकडे कोण येणार? पुढे संगप्पाच्या ओळखीनं ती चादरींच्या नक्षीचे कागद रंगवू लागली. बारीक चौकटींचा कागद, एका चौकटीत एक रंग. "चौकटीतून सुटका न्हाय बघ," ती म्हणायची. १९७३ साली नजर मंदावली, तेव्हा तेही थांबलं.

मालतीबाईंना पुरावा हवा होता. त्या गावभर हिंडल्या, चोवीस घरांतल्या तसबिरी पाहिल्या आणि अभ्यासू माणसासारखी एक यादी केली. काही तसबिरींत बुबुळावरचा चकाकीचा पांढरा ठिपका अगदी जागच्या जागी होता. काहींत तो भलतीकडे सरकला होता, एखाद्यात फरकटला होता. मालतीबाईंनी सरळ हिशेब केला. थरथरता ठिपका म्हणजे आजारी नवऱ्याचं काम, नेमका ठिपका म्हणजे नीलव्वाचं. नेमक्या ठिपक्याच्या अकरा निघाल्या. पाचव्या भेटीत त्यांनी ती अकरा नावं मोठ्या तोंडानं वाचून दाखवली.

नीलव्वा इतकी हसली की ठसका लागला. सुनेनं पाणी आणून दिलं.

"उलटं लिवलंस की गं! ती अकरा सगळी ह्यांची. हात चांगला होता तवाची. बघितलीस न्हवं? सगळी माणसं कशी, पोलीस ठाण्यात उभी केल्यागत. जी हलल्यात ती माझी."

मग तिनं सांगितलं, ते मालतीबाईंनी वहीत दोनदा लिहिलं. चनबसप्पाच्या दुकानाचा एक रिवाज होता, त्यानंच पाडलेला. तसबीर पुरी करायची, पण डोळ्यांतले दोन पांढरे ठिपके बाकी ठेवायचे. घरची माणसं नारळ घेऊन न्यायला येत. त्यांच्या समोर पेंटर ते दोन ठिपके देई. गेलेलं माणूस एकदम बघायला लागे, बायका डोळ्याला पदर लावत, नारळ फुटे. ह्याला ते 'डोळे उघडणं' म्हणत. गावाला तो रिवाज इतका आवडला होता की हात गेल्यावरही मोडता येईना. मोडला असता तर हात गेल्याचं कळलं असतं. म्हणून सगळं चित्र नीलव्वाचं आणि शेवटचे दोन ठिपके नवऱ्याचे. ती पडद्याच्या फटीतून बघायची, कुठे पडतात.

मालतीबाईंनी वही मिटली आणि घरच्या तसबिरीचं सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या तसबिरीतही उजव्या डोळ्याचा ठिपका वर चढलेला होता. आता 'कुठं गेली होतीस?' असं विचारतील, असे वडील बघायचे.

"तुझ्या बापाचं आणून दे," नीलव्वा म्हणाली. "एक ठिपका खरवडून नीट देते. एवढं दिसतंय मला अजून."

"नको, राहू दे," मालतीबाईंच्या तोंडून पटकन निघालं.

"का? तिरळा होता व्हय तुझा बाप?"

"तसं नाही."

"मग?"

मालतीबाईंनी वही पिशवीत घातली. नीलव्वानं विषय सोडला, पण त्या दिवशी चहा झाला नाही.

तिसऱ्या दिवशी झाला, गोडमिट्ट. तेव्हाच करार झाला. "छाप माझं नाव. पन एक काम कर. नातेपुत्याला एका घरात माझं एक चित्र हाय. तिथला ठिपका तेवढा नीट करून यायचा. मग छाप, काय छापायचं ते."

चोवीस सोडून हेच का, तर त्याला कारण होतं. १९५७ साली नातेपुत्याचा महिपती नावाचा शेतकरी बायकोला घेऊन दुकानात आला होता. आई सोनाबाई वारलेली. फोटो काढलेलाच नाही, जन्मात एकदाही नाही. पण तसबीर पाहिजे. पेंटर म्हणाले, "बायकांच्या तोंडावळ्याचं बायकांनाच ठाऊक. तुमच्या मालकिणीला आत बसू दे, आमची मंडळी ऐकून घेईल अन् मला सांगेल." महिपतीची बायको बजाबाई पडद्याआड येऊन बसली आणि ब्रश कुणाच्या हातात आहे ते तिनं पाहिलं. नीलव्वानं तिला शपथ घातली.

दोन दिवस दोघी बसल्या. चौकटी नाहीत, फोटो नाही. नाक कुणासारखं? नणंदेसारखं, पण जरा बसकं. हसताना तोंड दाबायची का? दाबायची. रागावली की? काय बोलायची न्हाय, खालचा ओठ आत घ्यायची. बजाबाई सांगेल तसं नीलव्वा पुसायची, परत काढायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बजाबाईनं तोंडावर हात घेतला आणि म्हणाली, "ह्याच."

"तेवढं एक चित्र माझं," नीलव्वा म्हणाली. "बाकी फोटोवाल्याचं असतंय. ते माझं. आन दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. डावा ठिपका घसरला, पार बाहेरच्या कोपऱ्यात. चांगली सरळ बाई चकणी केली. नारळ फुटला, फडक्यात गुंडाळून नेली. मी पडद्यामागं. बाहेर येऊन काय म्हणू? थांबा, चुकलं? कोण मी?"

चनबसप्पा जिवंत होता तोवर तिथे जाणं शक्य नव्हतं. गेल्यावर कुणाच्या ओळखीनं जायचं कळेना. आता मालतीबाई होत्या, पण पंचाहत्तरच्या दिवाळीत नीलव्वा मोरीत घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. खाटेवरून उठायचं बंद झालं. तेव्हा तिनं ठरवलं, की मालतीबाईंनीच जायचं.

"मी? मला सरळ रेघ मारता येत नाही!"

"रेघ कुणी सांगितली? ठिपका."

डब्याच्या पत्र्याच्या झाकणाला काळा रंग देऊन नीलव्वानं सुनेकडून सात झाकणं तयार करवली आणि सहासष्ट वर्षांच्या निवृत्त प्राध्यापिकेला ठिपके गिरवायला बसवलं. "ओढू नको. टेकव. टेकव आन उचल. शेण थापतीस काय? कुणी गं तुला कॉलेजात घेतलं?" सोनाबाईंचा डोळा तिनं कागदावर काढून दिला. जुना ठिपका कुठे असेल, तो नखानं कसा काढायचा, तिथे कुठला तपकिरी लावायचा आणि नवा कुठे टेकवायचा. मालतीबाईंनी महिनोन्‌महिने झाकणं भरली. मधे त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मंडळाची चार चरित्रं छापून निघाली, पाचव्याची जागा दुसऱ्या एका बाईला गेली. शेवटी १९७६ च्या दसऱ्यानंतर नीलव्वा म्हणाली, "आता पडतोय जागेवर. जा."

पिशवीत ब्रश, पांढऱ्या रंगाची नळी, तपकिरीची पुडी आणि तो कागद घेऊन मालतीबाई सकाळच्या एसटीनं निघाल्या. दुपारी उन्हाच्या नातेपुत्यात उतरल्या, महिपतीचं घर विचारत गेल्या. महिपती रानात होता. बजाबाई अंगणात मटकी पाखडत होती. मालतीबाईंनी 'तसबिरीसंबंधी' असं म्हणत पिशवीतून ब्रश काढला, तशी तिनं सूप खाली ठेवलं.

"तिनं धाडलं व्हय? नीलव्वानं?"

"तुमच्या लक्षात आहे?"

"लक्षात ऱ्हाईना तर! एकोणीस वर्सं कुनाला बोलले न्हाय. मालकाला बी न्हाय. हाय का ती? बरी हाय?"

सोपा ओलांडून दोघी आत गेल्या. समोरच्या भिंतीवर सोनाबाई होती. मालतीबाईंनी चोवीस तसबिरी पाहिल्या होत्या, पण ही त्यांतली नव्हतीच. खालचा ओठ जरा आत घेतलेला. आता ही काही बोलणार नाही आणि आपल्यालाच कबूल करावं लागणार, असं बघितल्या बघितल्या वाटावं. डावा डोळा बाहेर गेलेला, दाराकडे. नीलव्वानं सांगितलं होतं अगदी तसाच.

मालतीबाईंनी शिकवल्याप्रमाणे सांगितलं. एक ठिपका चुकला आहे, पेंटरीणबाईंना फार लागून राहिलं आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

"चुकलाय? काय चुकलाय?" बजाबाई म्हणाली.

"डोळा. तिरका झालाय ना."

बजाबाई हसायला लागली. "आवो बाई, सासूबाईंचा डोळा तसाच हुता की! जलमापासनं. मीच सांगितलं न्हवतं तिला. म्हनलं, मेलेल्या मानसाची खोड कशाला काढा. नाक सांगितलं, व्हट सांगितला, डोळं चांगलं हुतं म्हनून ठोकून दिलं. ती पुसून पुसून काढत हुती, शेवटी म्हनलं ह्याच, पर मनात म्हनलं, कायतरी कमी हाय. आन दुसऱ्या दिशी पेंटरानं ठिपकं दिलं, तर सासूच हुबी ऱ्हायली. माझ्या अंगावर काटा आला. न सांगता वळखलं बघा तिनं. तिनंच नवऱ्याला सांगितलं आसंल, तिरका द्या म्हनून. दुसरं कोन सांगनार?"

मालतीबाईंच्या हातात ब्रश तसाच होता.

"हात लावू नगा," बजाबाई म्हणाली. "सगळं घर त्या डोळ्याला भितंय. पोरं चोरून गूळ खात न्हाईत तितं."

जेवून जा म्हणाली, मालतीबाई जेवल्या. निघताना नव्या मटकीची पुरचुंडी तिनं पिशवीत घातली. "तिला द्या. आन म्हनावं, मी डोळा झाकला, तू उघडलास."

परतीच्या गाडीत, वाटेतल्या वेळापूरपासून सोलापूरपर्यंत, मालतीबाई हाच निरोप घोळवत बसल्या. सांगितला तर नीलव्वाला एका क्षणात कळणार. तिनं काही ओळखलेलं नव्हतं. लटलटता हात घसरला होता आणि बरोबर तिथे पडला होता. जन्मात एकच चित्र तिनं 'माझं' म्हटलं होतं, आणि त्यात सोनाबाईला सोनाबाई करणारा ठिपका तेवढा नवऱ्याचा. सांगितल्यावर ती हसली असती की भिंतीकडे तोंड करून पडली असती, हे मालतीबाईंना सांगता येईना. 'ठिपका दिला' असं खोटं सांगावं, तर लगेच नाव छापायची परवानगी मिळणार. लबाडीनं मिळवलेल्या कागदावर त्यांनी एकतीस वर्षं पोरांना नापास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. खाटेवरून नीलव्वानं मान वळवली.

"दिलास?"

"नाही. गाडी वेळापूरला बंद पडली. माघारी आले."

"हात्तिच्या! मग परत कधी?"

"पुढच्या आठवड्यात जाते."

"जा की. नळीचं टोपण घट्ट लाव, वाळंल." आणि वर म्हणाली, "टेकवायचा. ओढू नको."

पुढच्या आठवड्यात मालतीबाईंनी नीट शब्द जुळवायचं ठरवलं. जुळले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात मंडळाची सभा आहे असं सांगितलं. नीलव्वा दर वेळी एवढंच विचारायची, "गेलीस?" मार्गशीर्षात तिला ताप भरला. संगप्पानं सायकलवरून येऊन निरोप दिला, तोवर तिला माती देऊन झाली होती.

नीलव्वा, मटकी मी खाल्ली. तुला दिली असती तर कुठून आली ते सांगावं लागलं असतं. उसळ चांगली झाली होती. तुझी नळी माझ्या टेबलाच्या खणात आहे. टोपण घट्ट लावलं होतं, तरी वाळली. बजाबाईनं दोनदा पत्र लिहवून घेऊन विचारलं, निरोप पोचवला का. दुसऱ्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही.